डब्यावरचं नाव आणि आतली डिस्क

प्रश्न : घरचे जुने व्हिडिओ दोन वर्षांपूर्वी डीव्हीडीवर राईट करून ठेवले होते. तेव्हा सगळे नीट चालले, आता चार-पाच डिस्कवर सुरुवातीचे व्हिडिओ चालतात पण शेवटचे अडकतात. सगळ्या एकाच डब्यातल्या, नावाजलेल्या ब्रँडच्या. आता नवीन घेताना कोणता ब्रँड घ्यावा?

उत्तर : ब्रँड विचारलात तिथंच तर गोम आहे. डब्यावर ज्याचं नाव त्यानेच आतली डिस्क बनवलेली असते असं नाही, बरेच ब्रँड दुसऱ्याच कारखान्याकडून माल घेतात, त्यामुळे सेम डबा पुन्हा आणला तरी आतला माल वेगळा निघू शकतो. खरा बनवणारा कळतो तो डिस्कमधल्या मीडिया कोडवरून, म्हणजे कारखान्यातच डिस्कवर नोंदवलेल्या बनवणाऱ्याच्या खुणेवरून. कोरी डिस्क टाका आणि डीव्हीडी आयडेंटिफायरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघा. एमसीसी दिसलं तर मित्सुबिशी केमिकल, म्हणजे जुनं व्हर्बॅटिम, अ‍ॅझो डायवालं (डाय म्हणजे ज्या रंगाच्या थरात डेटा लिहिला जातो तो), टिकायला चांगलं. पण २०१९ मध्ये व्हर्बॅटिमचा धंदाही तैवानच्या सीएमसी कंपनीकडे गेला. आणि ज्यांच्या डिस्कवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवायचे त्या जपानच्या तायो युदेनने तर २०१५ मध्येच हे काम बंद केलं, त्यांचे खोटे कोड टाकलेल्या डिस्कही येऊन गेल्यात, म्हणजे नुसत्या कोडवरही जाऊ नका.

माझं ऐकाल तर आधी छोटा पॅक आणा, एक डिस्क राईट करा, व्हेरिफाय (राईट झालेलं परत तपासायचा पर्याय) ऑन ठेवा आणि दुसऱ्या ड्राइव्हवर अख्खी वाचून बघा. जमलं तर मोठा डबा.

तुमचे शेवटचेच व्हिडिओ का गेले? राईटिंग आतून बाहेर जातं आणि डिस्क खराब व्हायला लागते ती बहुतेक वेळा बाहेरच्या कडेकडून. ४.७ जीबीची डिस्क कंप्युटरला तशीही ४.३८ च दिसते, त्यातही मी ४ च्या वर भरत नाही, म्हणजे बाहेरची कड रिकामी राहते. स्पीडचं म्हणाल तर १६एक्सची, म्हणजे १६ पट स्पीडपर्यंत राईट होणारी डिस्क ८एक्सला राईट करावी. काही जण जितकं हळू तितकं चांगलं म्हणून २एक्सला लावतात, ते चुकीचं आहे, १६एक्सचा डाय त्या स्पीडसाठी बनवलेलाच नसतो. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा राईट करता येणाऱ्या डिस्क जपून ठेवायच्या गोष्टींसाठी नकोच. वर कागदी स्टिकर चिकटवू नका आणि डिस्क उन्हात ठेवू नका, डाय उन्हाने खराब होतो.

आणि नवीन डिस्कचं नंतर बघा हो, आधी त्या अडकणाऱ्या डिस्क दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा, एकात न वाचलेली दुसऱ्यात बऱ्याचदा वाचते. जे निघेल ते आजच हार्डडिस्कवर कॉपी करून घ्या.