फॉलोअर 18 हजार, पण आपलं कोण?

“मॅडम, रोज दीड-दोनशे कमेंटना उत्तर देते. रात्रीचे बारा वाजतात. तरी त्यातलं एकही माणूस आपलं वाटत नाही.”

जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यात राहणारी, अहिराणीतून स्वयंपाकाचे रील करणारी ही सून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शेतीचे नाहीतर कॉमेडीचे व्हिडिओ करणारी पोरंही हल्ली सल्ल्यासाठी माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात.

सल्ला देण्याआधी तिच्या भरिताच्या रीलखालच्या कमेंट तिच्याच मोबाइलवर सोबत बसून वाचल्या. एकानं विचारलं होतं, “ताई, वांगं पऱ्हाटीवर भाजलं का तुराटीवर?” उत्तरात जोडलेले हात. सुरतेच्या एका बाईनं लिहिलेलं, “माझी माय असंच करायची. मार्चमध्ये गेली.” तिलाही तेच जोडलेले हात. वाचता वाचता ती स्वतःच थांबली. पोच सगळ्यांना दिली होती, बोलणं कोणाशीच झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट तिला पटायला वेळ लागला. प्रेक्षकांना तिची चूल, सासू, तिखटाचा डबा, सगळं ठाऊक. तिला मात्र त्यांचं काहीच ठाऊक नाही. या एकतर्फी ओळखीला हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 मध्ये ‘पॅरासोशल’ हे नाव दिलं, तेव्हा विषय टीव्ही-रेडिओचा होता. इन्स्टाग्रामवर उलट बोलायची सोय आहे, पण 18 हजारांशी नाही. वीस-पंचवीस जणांशी मात्र नक्की जमतं, आणि जवळीक तिथूनच सुरू होते.

मग कामाची आखणी केली. रील टाकल्यावर पहिला अर्धा तास उत्तरांसाठी, दुसऱ्या दिवशी दुपारी वीस मिनिटं, बाकी वेळ कमेंट उघडायच्याच नाहीत. नुसत्या ‘छान’ला लाइक पुरे. प्रश्न विचारणारा आणि स्वतःचं काही सांगणारा, या दोघांनाच पूर्ण वाक्यात उत्तर, आणि शेवटी एक छोटा प्रश्न. ‘कुठून पाहता?’ हा प्रश्न गुळगुळीत झालाय. ‘तुमच्याकडे काळा मसाला घरी कुटतात का गिरणीतून आणतात?’ याला माणूस हटकून उत्तर देतो, कारण उत्तर तयार असतं आणि द्यायला अभिमानही वाटतो.

शंभर पानी वहीत परत परत येणाऱ्यांची नोंद ठेवायची: खात्याचं नाव, गाव, काय म्हणाले. पुढच्या रीलमध्ये ‘सुरतच्या ताईंनी विचारलं होतं’ एवढा उल्लेख बास. नाव घ्यायचं तर आधी विचारून. कोणाचं दुःख मात्र रीलचा विषय करायचं नाही, त्याला उत्तर मेसेजमध्येच.

स्टोरीत ‘काहीही विचारा’ टाकलं की शांतता तरी पसरते, नाहीतर फालतू प्रश्न येतात. त्याऐवजी श्रावणात, खान्देशात कानबाई देवीच्या सणाला नैवेद्याचे रोट करतात तेव्हा, ‘कानबाईच्या रोटाला सव्वा मूठ गहू तुमच्याकडे कोणाकोणाच्या नावानं घेतात?’ असं विचारायचं. घराघराची रीत वेगळी, त्यामुळे बोलणं आपसूक रंगतं. स्टोरी 24 तासांत जाते, म्हणून निवडक पाच उत्तरं दुसऱ्या दिवशी परत दाखवायची.

लाइव्हमध्ये तिची पहिली पाच मिनिटं ‘अजून येऊ द्या सगळ्यांना’ यातच जायची, आणि आलेले निघून जायचे. आता ती ‘बठ्ठासले (सगळ्यांना) राम राम’ म्हणते आणि थेट मिरच्या खुडायला बसते. हात कामात असले की तोंडही मोकळं होतं. कमेंट मोठ्यानं वाचायला भाचा. पंचवीस मिनिटांत बंद.

सगळ्यात नाजूक भाग मेसेजचा. ‘नंबर द्या ना ताई’ला एकच ठरलेलं उत्तर साठवून ठेवायचं, शब्द बदलला की समोरच्याला घासाघीस करायला जागा मिळते. घाणेरडे शब्द सेटिंगमधून लपवता येतात. त्रास वाढला तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. पैशांची फसवणूक झाली तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन. ‘जगावंसं वाटत नाही’ असा मेसेज आला तर रात्रभर समजूत घालत बसायचं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्यायचा, घरातलं कोणी जवळ आहे का विचारायचं, आणि जीव तातडीनं धोक्यात वाटला तर 112 या आपत्कालीन नंबरला फोन.

एक ठेच तिला आधीच लागली होती. पैसे घेऊन तिनं पाकिटातल्या मसाल्याचा रील केला, जाहिरात असल्याचं सांगितलं नाही. खाली कमेंट: “ताई, तुम्ही तर घरी कुटता ना?” तिनं ती पुसली, मग तशाच आणखी आल्या. मोबदला घेतला तर सुरुवातीलाच ‘जाहिरात’ म्हणायचं, हा नियमही आहे आणि शहाणपणही. रोज जे वापरत नाही ते वापरते असं सांगायचं नाही.

दोनेक महिन्यांत रीच, म्हणजे रील पोचणाऱ्यांचा आकडा, थोडा घसरला, तेव्हा ती घाबरली. पण सेव्ह आणि शेअर वाढले होते, आणि कमेंटमध्ये लोक एकमेकांनाही उत्तरं द्यायला लागले होते. घरातला एकटेपणा यानं भरला नाही, ते अपेक्षितही नव्हतं. त्यासाठी सासूशी कामाच्या वाटणीचं बोलणं आणि माहेरच्या मैत्रिणीला आठवड्याला एक फोन, हे वेगळं चालू आहे.

आता सुरतेची ती बाई कानबाईला घरी येते म्हणते. पहिली भेट घरी नको, असं सांगितलंय. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत, घरच्यांसोबत, चारचौघांत भेटायचं. पत्ता त्यानंतर द्यायचा का, ते भेटून ठरवायचं.