कोल्हापूरनं पोलिश निर्वासितांना आसरा दिला होता. मग आज पोलंडमध्ये परदेशी लोकांविरुद्ध एवढा राग का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासित राहिले त्या कोल्हापूरजवळच्या वळीवडेच्या छावणीची जाण पोलंडमध्ये उरली आहे का, ही एक. आणि तुमचा धाकटा भाऊ वॉर्साजवळच्या गोदामात कामाला निघालाय, त्याला तिथं त्रास होईल का, ही दुसरी. मी उचगावचा, म्हणजे छावणी होती तिथून जवळचा, आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. दोन्हींबद्दल मनापासून सांगतो.

जाण आहे, आणि ती दिखाऊ नाही. कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात पोलिश मंडळींनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. 2019 मध्ये छावणीत बालपण काढलेले काही वृद्ध मुद्दाम कोल्हापुरात येऊन गेले. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं जाऊन आदरांजली वाहिली. पण जाण ठेवणारा माणूस मतदान करताना तोच विचार करेल असं आपण धरून चालतो, तिथं आपली फसगत होते.

ते लोक इथं कसे आले हे आधी नीट बघू. 1940-41 मध्ये स्टॅलिनच्या राजवटीनं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेली. पुढं करार झाला, सुटका झाली, आणि 1942 मध्ये त्यातले एक लाखाहून जास्त इराणमध्ये पोचले. पुरुष सैन्यात गेले. बायका, पोरं, म्हातारी माणसं जगभर विखुरली. 1943 पासून त्यातले सुमारे 5000 जण वळीवडेला राहिले. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, बालवीरांची पथकं, सगळं गाव वसलं होतं. एक गोष्ट आपल्या अभिमानापायी आपण सांगत नाही, ती मी सांगतो. छावणीचा निर्णय ब्रिटिश सरकारच्या पातळीवर झाला आणि खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची होती. आपल्या लोकांनी शेजार पाळला, हे मोठंच आहे. पण कोल्हापूरनं स्वतःच्या ताटातलं काढून दिलं अशी जी गोष्ट फिरते, ती तेवढी खरी नाही.

छावणी उठली त्याच सुमाराला फाळणी झाली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला निम्मा दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातली माणसं जिथं येतात, ती बाजारपेठ त्या निर्वासितांनी उभी केली.

आणि पोलिश लोकांचं पुढं काय झालं? बऱ्याच जणांची गावं युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली होती, परतायला घरच उरलं नव्हतं. पुष्कळ जण ब्रिटनला गेले. ब्रिटननं 1947 मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा केला, पण खाणकामगारांच्या संघटनांनी ठिकठिकाणी विरोध केला, हे आमच्या नोकऱ्या घेतील म्हणून. 2004 मध्ये पोलंड युरोपीय संघात आल्यावर पोलिश तरुणांची नवी लाट ब्रिटनला गेली. 2016 मध्ये ब्रेक्झिटचा कौल लागल्याबरोबर हंटिंगडन गावात पोलिश लोकांना किडे-घाण म्हणणारी कार्डं वाटली गेली. म्हणजे उपरेपणाचा मार काय असतो हे या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तरीही 2015 च्या प्रचारात यारोस्लाव काचिन्स्की यांनी सांगितलं की निर्वासित आपल्याबरोबर परजीवी जंतू आणतील. त्यांचा 'कायदा आणि न्याय' पक्ष जिंकला. युरोपीय संघानं वाटून दिलेले सहा-सात हजार निर्वासित घ्यायला त्या सरकारनं नकार दिला. तेव्हा पोलंडमध्ये परदेशी माणसं फार कमी होती. ज्याला कधी पाहिलंच नाही त्याच्याबद्दल भीती घालणं फार सोपं असतं, कारण ती खोटी ठरवायला शेजारी कुणी नसतं. जर्मनीत बघा. स्थलांतराला विरोध करणारा, उजव्या टोकाचा एएफडी पक्ष सप्टेंबर 2024 मध्ये थुरिंजिया राज्यात 32.8 टक्के मतं घेऊन पहिला आला. हा भाग पूर्व जर्मनीचा, आणि तिथं परदेशी लोकांचं प्रमाण पश्चिमेपेक्षा बरंच कमी आहे.

आता यातली खरी मेख. काचिन्स्कींच्या पक्षाचं सरकार असतानाच पोलंड युरोपीय संघात सर्वांत जास्त नवे निवास परवाने देणारा देश होता, सलग काही वर्षं. बहुतेक युक्रेनी कामगार, मागून भारत, नेपाळ, फिलिपिन्सचे. व्यासपीठावरून परदेशी नकोत, आणि मागच्या दारानं कामगार हवेत. इटलीतही तेच. जॉर्जा मेलोनी स्थलांतर रोखण्याच्या घोषणा देत 2022 मध्ये पंतप्रधान झाल्या आणि त्यांच्याच सरकारनं 2023 ते 2025 साठी साडेचार लाख परदेशी कामगारांना परवाने मंजूर केले. जून 2024 मध्ये तिथल्या लातिना भागात यंत्रात हात तुटलेल्या एका भारतीय शेतमजुराला दवाखान्यात न नेता घराजवळ टाकून दिलं गेलं आणि तो मेला. अशा राजकारणातून मालकाला स्वस्त, घाबरलेला, आवाज न करणारा कामगार मिळतो.

हे मी रोज बघतो, म्हणून ठासून सांगतोय. आमच्या फौंड्रीत फेटलिंगला (ओतलेला भाग घासून साफ करणं) आणि पोअरिंगला (वितळलेला धातू साच्यात ओतणं) बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरं आहेत. धूळ आणि धग अशी की इथला मुलगा आठ दिवस टिकत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये श्रमिक रेल्वेतून ती पोरं गेली तेव्हा भट्टीवर उभं राहायला माणूस मिळेना. आणि तरी सुट्टीनंतर चहाच्या टपरीवर चर्चा काय? भैय्यांनी आमच्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या. ठेकेदार त्यांच्या पगारातून किती कापून घेतो आणि त्यामुळं आपला पगार कसा दबतो, यावर कुणी बोलत नाही. राग अगदी खरा असतो. पोराला इंजिनीअर करूनही नोकरी नाही, हे दुखणं खोटं कसं म्हणू? पण तो राग कुणाकडं वळवायचा हे कुणीतरी ठरवत असतं, आणि ठरवणाऱ्याला त्यात मतं दिसत असतात.

पोलंडमध्ये मे 2025 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कोन्फेदेरात्सिया या उजव्या टोकाच्या आघाडीच्या स्लावोमिर मेंत्सेन यांना सुमारे 15 टक्के मतं मिळाली, आणि एक्झिट पोलनुसार तिशीच्या आतल्या मतदारांत तेच पहिले. ग्झेगोश ब्राउन यांना 6 टक्क्यांहून जास्त मिळाली. डिसेंबर 2023 मध्ये संसदेत ज्यूंच्या सणाचे दिवे अग्निशामक घेऊन विझवणारे हेच गृहस्थ. दुसऱ्या फेरीत 'आधी पोलंड, आधी पोलिश' म्हणणारे कारोल नाव्रोत्स्की 50.89 टक्क्यांनी अध्यक्ष झाले.

मला जास्त धास्ती मधल्या पक्षांची वाटते. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क उजव्या टोकाचे नाहीत. पण 2025 मध्ये त्यांच्याच सरकारनं बेलारूस सीमेवर आश्रय मागण्याचा हक्क स्थगित केला. बेलारूस मुद्दाम लोकांना सीमेवर ढकलतो हे खरं, तिथं भोसकलेला एक पोलिश सैनिक 2024 मध्ये मेला हेही खरं. तरी उपाय म्हणून टुस्क यांनी विरोधकांचीच भाषा उचलली. युक्रेनी लोकांना 2022 मध्ये पोलिश कुटुंबांनी स्वतःच्या घरात झोपायला जागा दिली होती. 2025 मध्ये त्यांच्याच मुलांच्या भत्त्यावर वाद पेटला.

आणि अफवा. जुलै 2025 मध्ये वाउब्झिख शहरात एका परागुआईच्या माणसानं लहान मुलांचे फोटो काढले असं पसरलं. त्याला मारहाण झाली, तो राहत होता त्या हॉस्टेलवर जमाव गेला. पोलिसांना त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही. हे वाचून तिकडच्या लोकांना नावं ठेवण्याआधी जून 2023 आठवा. व्हॉट्सअॅप स्टेटसवरून आपल्याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. आणि दुकानं फुटली ती परक्यांची नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहणाऱ्यांची होती. शाहू महाराजांनी मुस्लिम बोर्डिंग काढलं त्या गावात. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

तेव्हा पोलिश लोक कृतघ्न आहेत, हे मला पटत नाही. सोसलेल्या दुःखामुळं माणूस आपोआप शहाणा होत नाही; ना ते, ना आपण.

भावाला जाऊ द्या. हजारो भारतीय तिथं नीट काम करताहेत. पण वळीवडेची गोष्ट सांगून संरक्षण मिळेल या भरवशावर त्याला पाठवू नका. ती म्हाताऱ्यांना आणि अभ्यासकांना माहीत आहे, रात्री बसस्टॉपवरच्या टोळक्याला नाही. निघण्याआधी कामाचा करार त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी घ्या आणि राहण्याचे पैसे पगारातून किती कापणार ते त्यात बघा. परवाना एका ठरावीक मालकाच्या नावावर असतो, म्हणून एजंटनं सांगितलेली कंपनी आणि कागदावरची कंपनी एकच आहे ना, हे तपासा. पासपोर्ट कुणाकडं ठेवायला द्यायचा नाही. तातडीचा नंबर 112. आणि पोलिश शिकायला आजच सुरुवात करू दे. साधं 'जेन दोब्री' म्हणून नमस्कार करणाऱ्याला शेजारी लवकर ओळखू लागतात, आणि अडचणीच्या वेळी कामाला येतात ते शेजारीच.