डाउनलोड केलेली गाणी घरी बर्न करायला, म्हणजे डिस्कवर उतरवायला, कोणती डिस्क घ्यावी? सीडी-आर की सीडी-आरडब्ल्यू?

गाडीतल्या किंवा घरातल्या जुन्या प्लेअरवर ऐकायची असतील तर डोळे झाकून साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्या. आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते हे खरं, पण ती प्रकाश फार कमी परत फेकते. त्यामुळे बरेच जुने प्लेअर तिला ओळखतच नाहीत.

काही डिस्कवर 'म्युझिक' किंवा 'ऑडिओ' असं छापलेलं असतं. त्या टीव्हीशेजारी ठेवायच्या स्वतंत्र सीडी रेकॉर्डरसाठी असतात. कॉम्प्युटरवर बर्न करणार असाल तर त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका, आवाजात काडीचाही फरक पडत नाही.

नेहमीच्या डिस्कवर ७०० एमबी किंवा ८० मिनिटं लिहिलेलं असतं. इथे बरेच जण फसतात. बर्न करताना 'ऑडिओ सीडी' हा प्रकार निवडलात तर फाइल कितीही लहान असो, मोजली जातात ती मिनिटं, म्हणजे साधारण पंधरा-वीस गाणी. एमपी३ जशाच्या तशा डेटा म्हणून टाकल्या तर शंभराच्या वर बसतात, पण प्लेअरला एमपी३ वाचता आलं पाहिजे. ते आधी तपासा.

बर्न करताना सगळ्यात जास्त स्पीड निवडू नका, मधला ठेवा. शेवटी डिस्क 'फायनलाइज' करायला, म्हणजे तिचं रेकॉर्डिंग पूर्ण करून बंद करायला, विसरू नका, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर ती चालणार नाही.

आणि हो, नाव बॉलपेनने लिहू नका. चकाकणारा थर लेबलच्या बाजूलाच, पातळ लॅकरखाली (वार्निशसारख्या लेपाखाली) असतो. टोकदार निबेने तो ओरखडला की गाणी गेलीच. सीडी मार्कर वापरा.