भाषण मुलीचं, शब्द बाबांचे

बार्शी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा अकरावीला, विज्ञान शाखेत. तिसरीपासून वक्तृत्व स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवते, भाषणं वडील लिहून देतात. गेल्या जानेवारीत सोलापूरच्या जिल्हास्तरीय स्पर्धेत ती मध्येच अडकली आणि भाषण अर्धवट टाकून खाली उतरली. तेव्हापासून माईकजवळ जायलाच तयार नाही. ते लिहितात, ‘वाणी चांगली आहे, कलेक्टर किंवा वकील व्हावी अशी इच्छा आहे. सभाधीटपणा परत यावा म्हणून कोणत्या शिबिराला घालू? डिसेंबरच्या स्पर्धेला नाव दिलं आहे.’

सप्रेम नमस्कार,

तुम्ही दहावीचे गुण कळवलेत, बक्षिसांची यादी दिलीत, भाषणाची प्रतही जोडलीत. पण मी अडले ते एका वाक्यापाशी. ‘परत येताना एसटीत मी तिच्याशी एक शब्दही बोललो नाही,’ असं तुम्ही लिहिलं आहे. सोलापूर ते बार्शी म्हणजे दीड-दोन तासांचा रस्ता. स्टेजवर ती अडकली ती फार तर मिनिटभर. तिच्या मनात काय घर करून बसलं असेल असं तुम्हाला वाटतं, ते मिनिट की तो रस्ता? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कळलं ते एवढंच, की भाषण चुकलं तर बाबा बोलायचे थांबतात. ही भीती कुठल्याही शिबिरात जात नाही. ती तुम्हीच घालवू शकता, आणि त्यासाठी तिच्यासमोर बसून ‘त्या दिवशी मी चुकलो’ एवढं म्हणावं लागेल. तुम्ही हे पत्र मनापासून लिहिलं आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहिते आहे.

दुसरी गोष्ट भाषणाची. विषय स्त्री सक्षमीकरणाचा. सुरुवातीला संस्कृत श्लोक, मग दोन शेर, पाच थोरांची वचनं. पण ज्या मुलीच्या तोंडी हे सगळं आहे, तिच्या आयुष्यातलं एकही वाक्य त्यात नाही. शिवाय मजकूर नऊशे शब्दांच्या आसपास आणि वेळ पाच मिनिटं. ऐकणाऱ्याला समजेल अशा बेताने बोललं तर पाच मिनिटांत पाच-सहाशे शब्द होतात. म्हणजे तिला पहिल्या वाक्यापासून धावावंच लागणार होतं. आणि स्पर्धा मुलांची असते. भाषण तुम्ही लिहिणं आणि ते तिच्या नावावर जाणं योग्य नाही, हे तिसरीतच थांबायला हवं होतं.

आता एक गैरसमज, जो मला असंख्य घरांत दिसतो. भाषण पाठ झालं की तयारी झाली, असं पालक समजतात आणि बरेच शिक्षकही. शब्दन् शब्द पाठ केलेल्या मजकुरात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला बांधलेलं असतं. एक शब्द निसटला की पुढचं काहीच हाताला लागत नाही, मग मूल मागच्या ओळीपासून पुन्हा सुरू करतं आणि त्याच जागी पुन्हा अडतं. तुमच्या मुलीचं नेमकं हेच झालं, तुम्हीच लिहिलं आहे की तिने तोच परिच्छेद दोनदा म्हटला. यात तिच्या हुशारीची किंवा धीटपणाची काहीच उणीव नाही. ज्याला चार मुद्दे आणि त्यांचा क्रम माहीत असतो, तो एक वाक्य विसरला तरी पुढच्या मुद्द्यावर जातो, समोरच्याला कळतही नाही. पाठ करायचंच तर सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं एक करावं. सुरुवातीला छाती धडधडत असते, तेवढ्यापुरता आधार मिळतो. ही धडधड सगळ्यांना होते आणि बहुतेकांची पहिल्या मिनिटात बरीच कमी होते.

गांधीजींचं उदाहरण देते. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिलाच खटला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. खाली बसले, पक्षकाराच्या मध्यस्थाला दुसरा वकील करायला सांगितलं आणि निघून गेले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. नंतर 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात, तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांच्या बैठकीत ते बोलले आणि नीट बोलले. आपलं पहिलं जाहीर भाषण ते यालाच म्हणतात. व्यापारातला खरेपणा हा विषय होता, त्याची तयारी करून ते गेले होते. समोरच्या माणसांना काहीतरी सांगायची निकडही होती. पुढे रेल्वे प्रवासात भारतीयांना होणाऱ्या त्रासाबद्दल त्यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहारही केला.

प्रवासावरून तुमच्या पत्राचं शेवटचं पान आठवलं. तिथे तुम्ही तक्रार केली आहे की मुलगी ‘अभ्यास सोडून’ गावातल्या मुलींना घेऊन एसटी आगारात गेली आणि सकाळच्या गाडीवरून आगारप्रमुखांशी बोलून आली. गाडी उशिरा सुटते, अकरा मुलींचा रोज पहिला तास बुडतो, आठवड्याच्या वेळा वहीत लिहून आणल्या आहेत, गाडी अर्धा तास आधी सोडा. साहेबांनी वेळ बदलली. अहो, हेच तर उत्तम भाषण! कोणाशी बोलायचं हे तिला ठाऊक होतं, मागणी एकच होती, पुरावा हातात होता, आणि सांगून झाल्यावर ती थांबली. हे तिला कोणी लिहून दिलं नव्हतं. तुम्ही हे तक्रार म्हणून लिहिलंत याचं मला मनापासून वाईट वाटलं.

पुढे कधी तिला बोलायचं असेल, तर तयारी याच वाटेने करू द्या. ऐकणाऱ्याने उठताना काय लक्षात ठेवावं, हे आधी तिने एका वाक्यात लिहावं. ते जमेपर्यंत बाकी काही लिहू नये. मग मैत्रिणीला तोंडी सांगावं, जिथे ती ‘म्हणजे काय?’ विचारेल तिथे उदाहरण घालावं, आणि मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवावेत. सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. हातवारे शिकवायला जाऊ नका.

करिअरचं थोडक्यात. यूपीएससीत 2025 गुणांपैकी लेखी परीक्षेचे 1750 आणि मुलाखतीचे 275. मुलाखतीत भाषण नसतं, प्रश्न नीट ऐकून ‘मला माहीत नाही’ म्हणायचीही तयारी लागते. कायद्याला बारावीनंतर राज्याची सीईटी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. वकिलीतही न्यायाधीश मध्येच थांबवून विचारतात, पाठांतर तिथे निरुपयोगी. पण यातलं तिला काय हवं आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला प्रयोगशाळेत रमायचं असेल तर? आधी विचारा, आणि उत्तर मध्ये न बोलता ऐका.

शिबिराला घालू नका. ‘दहा दिवसांत सभाधीट’ असा फलक कोणीही लावू शकतो. डिसेंबरच्या स्पर्धेतलं नाव ठेवायचं की काढायचं, ते तिने ठरवू द्या. काढायचं म्हणाली तर उद्याच शाळेत कळवा आणि घरात त्यावर पुन्हा चर्चा नको. ठेवायचं म्हणाली, तर विषय तिने निवडावा, मजकूर तिने लिहावा आणि तुम्ही तो स्पर्धेच्या दिवशी, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा ऐकावा.