बीएस्सी करतेय, आता बी.फार्मला जाऊ का? आधीची वर्षं वाया जातील का?

"मॅडम, मी एस.वाय. बीएस्सी केमिस्ट्रीला आहे, आता बी.फार्म करावंसं वाटतंय, डायरेक्ट सेकंड इयरला मिळेल का, आणि नाही मिळालं तर माझी दोन वर्षं वाया गेली का?" हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, कधी केमिस्ट्रीवाला असतो, कधी मायक्रो, कधी बायोटेक, पण घाबरलेला चेहरा सारखाच. म्हणून एका मुलीचं सगळं सविस्तर सांगते, तिची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही मिळत. बी.फार्मला मधूनच, म्हणजे थेट तिसऱ्या सेमिस्टरला, घेतात ते फक्त डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, केलेल्यांना, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचे २०१४ चे बी.फार्मचे नियम आहेत त्यात हे स्पष्ट आहे. बीएस्सी कितीही चांगल्या मार्कांनी केलं तरी तिथे पहिल्या वर्षापासूनच सुरुवात. गोंधळ होतो तो इंजिनिअरिंगमुळे, तिथे बीएस्सीवाल्यांना डायरेक्ट सेकंड इयरची वाट आहे, मग मुलांना वाटतं फार्मसीतही असणारच. आणि कोणी एजंट फोन करून "बीएस्सीवर डायरेक्ट सेकंड इयर करून देतो, एवढे एवढे लागतील" म्हणाला तर कृपा करून फोन ठेवा. नियमात न बसणाऱ्या ॲडमिशनवर नंतर फार्मसिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन होणार नाही, आणि रजिस्ट्रेशन नसेल तर त्या डिग्रीचं करायचं काय?

तर ही मुलगी चिपळूणकडची. बारावीला पीसीबी, नीट दिली, झाली नाही, आणि तोपर्यंत बाकीचं सगळं हातातून गेलेलं म्हणून बीएस्सी. कोकणातच नाही सगळीकडे हेच होतं, नीटच्या नादात एमएचटी-सीईटीचा, म्हणजे बी.फार्मला लागणाऱ्या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्मच भरलेला नसतो. माझ्याकडे आली तेव्हा २०२३ संपत आलं होतं, तिसरं सेमिस्टर संपायच्या बेतात, सोबत आई-बाबा दोघेही. बाबा लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. बाबांचं म्हणणं अगदी सरळ होतं, "मॅडम, आमच्या कंपनीत क्यूसीच्या लॅबमध्ये सगळे बीएस्सी, एमएस्सीच बसलेत, मग हिला परत पहिलीपासून कशाला?" आणि आईचं म्हणणं, लग्नाचं वय निघून जाईल. मुलगी गप्प.

बाबा चुकीचं बोलत नव्हते हे मला मुद्दाम सांगायचंय. औषध कंपनीच्या क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला, सायन्स ग्रॅज्युएट चालतो, प्रॉडक्शनमध्येसुद्धा, औषध नियमावलीप्रमाणे केमिस्ट्रीचा ग्रॅज्युएट तीन वर्षांच्या अनुभवावर औषध उत्पादनाचा अधिकृत तांत्रिक माणूस होऊ शकतो, फार्मसी ग्रॅज्युएटला त्याच जागेसाठी दीड वर्षाचा अनुभव पुरतो. म्हणजे फरक आहे पण दार बंद नाहीये. त्यामुळे जिला फक्त "फार्मा कंपनीत जॉब" हवाय तिला मी बीएस्सी सोड असं कधीच सांगणार नाही.

म्हणून मी आई-बाबांना बाहेर चहाला पाठवलं आणि तिला विचारलं, तुला नेमकं काम काय करायचंय? आधी ती म्हणाली "स्कोप आहे." स्कोप हे उत्तर मी घेत नाही, परत विचारलं. मग हळूहळू बाहेर आलं. तिच्या मामाचं मेडिकल आहे, सुट्टीत ती तिथे बसायची, म्हातारी माणसं गोळ्यांची पाकिटं घेऊन विचारायची ही जेवणाआधी की नंतर, ही आणि ती एकत्र चालते का, आणि ती घरी येऊन गोळ्यांसोबतची बारीक अक्षरातली माहितीपत्रकं वाचत बसायची. मध्यंतरी मामाकडचा फार्मसिस्ट नोकरी सोडून गेला आणि नवा मिळेपर्यंत मामाला दुकान बंद ठेवावं लागलं. ही म्हणाली, "मॅडम, मला सगळं माहीत असून मी तिथे काहीच नव्हते."

हे ऐकल्यावर माझ्यासाठी प्रश्न सुटला होता. फार्मसी ॲक्ट १९४८ चा आहे आणि त्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मसिस्टनेच द्यायचं. एमएस्सी करा नाहीतर पीएचडी, त्या काउंटरवर ती चालत नाही. हॉस्पिटल फार्मसी तसंच, एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) ड्रग इन्स्पेक्टर तसंच, तिथेही केमिस्ट्रीची डिग्री चालत नाही, आणि एम.फार्मलाही आधी बी.फार्म लागतंच. हिला जे काम हवं होतं ते नेमकं कायद्याने फार्मसीवाल्यांसाठीच ठेवलेलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की मागे किती वर्षं गेली ते नंतर मोजू, आधी हे बघा की तुम्हाला हवं असलेलं काम तुमच्या आत्ताच्या डिग्रीवर मिळतं का.

आई-बाबांना आत बोलावून हेच सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, मग डी.फार्म का नको, दोनच वर्षं? प्रश्न चांगलाच होता. डी.फार्मला सीईटी नाही, बारावीच्या मार्कांवर होतं, दोन वर्षं आणि शिवाय तीन महिन्यांचं, ५०० तासांचं ट्रेनिंग, आणि आता रजिस्ट्रेशनच्या आधी एक्झिट एग्झामही आहे. नुसतं मेडिकल टाकायचं असेल किंवा घरी लवकर पैसे हवे असतील तर मी डी.फार्मच सांगते, नंतर डायरेक्ट सेकंड इयर बी.फार्मही करता येतं. पण हिला ड्रग इन्स्पेक्टरची परीक्षाही खुणावत होती, त्याला डिग्री लागते, आणि डी.फार्म करून मग बी.फार्म म्हणजे पाच वर्षं, सरळ बी.फार्म चार. त्यामुळे सरळच.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जिथे मुलं जास्त घोळ करतात. ठरलं रे ठरलं की बीएस्सीला जायचं बंद करतात, सीईटीचा अभ्यास म्हणून घरी बसतात. मी तिला तसं करू दिलं नाही. चौथं सेमिस्टर पूर्ण द्यायचं, सोबत सीईटी, आणि हातात सीट आल्याशिवाय बीएस्सीची ॲडमिशन कॅन्सल करायची नाही. फार्मसीचे कॅप राऊंड, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश फेऱ्या, उशिरा लागतात, कधीकधी दिवाळीपर्यंत लांबतात, तेव्हा टी.वाय.ची ॲडमिशन घेऊन ठेवावीच लागते, थोडी फी बुडते, ती बुडू दे, पण सीट नाही आणि बीएस्सीही नाही अशी मुलं मी पाहिलीत आणि त्यांची अवस्था फार वाईट होते.

सीईटीचा पीसीबी ग्रुप घेतला. तिला भीती की अकरावी-बारावी सगळं विसरलं. केमिस्ट्री तर ती रोज करतच होती. फिजिक्स विसरली होती ते खरं, आणि बायो घोकावं लागलं. पण पेपर २०० मार्कांचा, त्यात १०० बायो, ५० केमिस्ट्री, ५० फिजिक्स, निगेटिव्ह मार्किंग नाही, अकरावीचा भाग २० टक्केच, मग काय, तिने बायोवर जोर दिला आणि फिजिक्सचे सोपे धडे पक्के केले. वयाची अट नाहीये, हेही तिला खरं वाटत नव्हतं. एप्रिलमध्ये सीईटी आणि कॉलेजच्या परीक्षा अगदी अंगावर एकत्र आल्या, त्या महिन्यात ती रडून मला दोनदा तरी फोन करून गेली, पण दोन्ही दिलं.

फीचं बाबांना टेन्शन होतं, प्रायव्हेट कॉलेज म्हणजे वर्षाला लाखाच्या आसपास. पण त्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि ॲडमिशन कॅपमधून पाहिजे. ही ओबीसी, बसली त्यात. म्हणून मुलींच्या पालकांना सांगते, घाईघाईत मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेऊ नका, ती सवलत तिथे मिळत नाही. आणि स्कॉलरशिप घेत असाल तर कोर्स बदलल्यावर महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवर) काय होतं ते नव्या कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या क्लार्कला ॲडमिशनच्या आधीच विचारा.

कॅपमधून कोल्हापूरकडे सीट मिळाली. आणि वाया गेलं का काही? पहिल्या सेमिस्टरला फार्मास्युटिकल ॲनालिसिस आणि इनऑर्गॅनिक केमिस्ट्री असते, टायट्रेशनला बाकीची मुलं ब्युरेट कसा धरायचा ते शिकत होती तेव्हा हिचं रीडिंग घेऊन झालेलं, नंतर ऑरगॅनिकलाही तेच. जड गेलं ते ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि फार्मास्युटिक्स, ते पूर्ण नवीन. बारावीला मॅथ्स नव्हतं म्हणून रेमेडियल मॅथ्सही करावं लागलं. वर्गात दोन वर्षांनी मोठी आहे याचं पहिले काही आठवडे वाईट वाटलं, नंतर मुलंच केमिस्ट्री विचारायला तिच्या रूमवर यायला लागली. एक त्रास मात्र आहे, हजेरी. फार्मसीला ८० टक्के लागते, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, बीएस्सीसारखं ढिलं चालत नाही, आणि हे तिला आधी सांगितलेलं असूनही जड गेलं.

ज्यांना मी उलट सांगितलं तेही सांगते. टी.वाय. मायक्रोचा एक मुलगा आलेला, मित्राला बी.फार्मवर चांगलं पॅकेज मिळालं म्हणून बदलायचं होतं. त्याला दुकान नको, हॉस्पिटल नको, आवडतं काय तर प्लेट्स, कल्चर, लॅब. त्याला म्हटलं बाबा रे, इंजेक्शन बनवणाऱ्या कंपनीत स्टेरिलिटी टेस्टिंग करायला मायक्रोवालेच घेतात, तुझं दार आधीच उघडं आहे, चार वर्षं देऊन त्याच लॅबमध्ये कशाला येतोस? त्याने एमएस्सी केलं.

तुम्ही टी.वाय.ला असाल तर मी शक्यतो डिग्री पूर्ण करायलाच सांगेन, काहीच महिने राहिलेले असतात आणि त्याच उन्हाळ्यात सीईटी देता येते. एफ.वाय.ला असाल आणि मनात पक्कं असेल तर या वर्षीचा फॉर्म चुकवू नका, डिसेंबरपासूनच सीईटी सेलच्या साईटवर लक्ष ठेवा. बारावीचं मार्कशीट काढून बघा, फिजिक्स-केमिस्ट्री आणि बायो किंवा मॅथ्स मिळून ओपनला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० लागतात, नसतील तर सीईटी चांगली जाऊनही उपयोग नाही. आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला हे आत्ताच काढायला टाका, राऊंड सुरू झाले की सेतू केंद्रात रांगा लागतात आणि मुलांच्या सीटा कागदांपायी जातात.