कथा अडलीय? लिलावाला जाऊन ये

तुझी भाषा छान आहे, पण कथा फ्लॅट, ऑफिस आणि कॅफेबाहेर पडत नाहीत. पात्रंही सगळी तुझ्यासारखीच बोलतात. एकदा पहाटे नाशिकहून निघ आणि लासलगावच्या बाजार समितीत जा. कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेतून व्यापारी पुढे सरकत असतात, हातात कांदा घेऊन पत्ती, म्हणजे वरची साल, बघतात, क्विंटलचा भाव पुकारला जातो आणि बघता बघता शेतकऱ्याच्या हातात भावाची चिठ्ठी पडते. त्या क्षणी त्याचा चेहरा बघ. मुलाखत वगैरे घेऊ नकोस, मोबाइल खिशातच राहू दे. नंतर चहाच्या टपरीवर बसून नुसतं ऐक. सुरुवातीला अवघडायला होईल, होऊ दे. घरी आलास की कानावर पडलेली वाक्यं बोलीसकट वहीत उतरव. कथेची घाई नको.