आधी शाळा सोडायचं वर्ष ठरवा, मग शाळा

“तिन्ही शाळा बघून आलो. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेचा परिसर बघून मुलं हरखून गेली. ब्रिटिश शाळेत शिस्त वाटली. सीबीएसईची शाळा घराजवळ आहे आणि फी बरीच कमी. मुलगा सहावीत जाईल, धाकटी पहिलीत. ह्यांचा करार तीन वर्षांचा आहे, पण वाढेलच असं ऑफिसात सगळे म्हणतात.”

ताई, तुमच्या पत्रात परिसर, तरणतलाव आणि प्रयोगशाळा यांवर पानभर मजकूर आहे आणि कराराला एक ओळ. रागावू नका, पण हे उलटं झालंय. नोकरीच्या करारावर परदेशी जाणाऱ्या आपल्यासारख्या घरांत शाळा कधी सोडावी लागणार, हे बहुतेक वेळा कंपनी ठरवते. म्हणून शाळा निवडताना पहिला प्रश्न, मूल कोणत्या इयत्तेत बाहेर पडेल, हा. माझ्या बहिणीच्या घरी दोन बदल्या निभावल्या त्या याच हिशेबावर, म्हणून मी तो प्रत्येकाला करायला लावते.

कागदावर डावीकडे वर्षं लिहा, शेजारी मुलाची आपली म्हणजे भारतातली इयत्ता आणि तिथली, परदेशातली इयत्ता. ब्रिटिश पद्धतीत आकडा एकाने पुढे असतो: आपली सहावी म्हणजे इयर ७. पाचवी पास झालेल्या मुलाला फॉर्मवर नुसतं ‘६’ लिहून इयर ६ मध्ये बसवलं, की वर्ष फुकट जातं. आयबीत सहावी म्हणजे एमवायपीचं (मधल्या इयत्तांच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचं) पहिलं वर्ष, दहावी म्हणजे पाचवं.

आता तुमच्या मुलाचं कोष्टक बघा. तीन वर्षांनी परतलात तर त्याची आठवी झालेली असेल. ही सगळ्यात सोपी वेळ. तिथलं वर्ष जूनमध्ये संपतं आणि सीबीएसईची नववी एप्रिलमध्ये सुरू झालेली असते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचं गणित आणि विज्ञान भरून काढावं लागेल. हिंदी किंवा जी दुसरी भाषा असेल तिची तयारी मात्र आतापासूनच हवी, ती दोन महिन्यांत होत नाही.

पाच वर्षं राहिलात तरी ठीक. ब्रिटिश शाळेत नववी-दहावी मिळून आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र हातात घेऊन मुलगा अकरावीत येतो.

घात होतो तो चौथ्या वर्षी. नववी झालेली, आयजीसीएसई अर्धवट, हातात मंडळाचा एकही निकाल नाही. इकडे सीबीएसई नववीतच मुलाचं नाव आणि विषय नोंदवून घेतं, आणि थेट दहावीत प्रवेश सहसा देत नाही. पालकाची बदली झाली असेल तर परवानगी मागता येते, पण मूल मान्यताप्राप्त मंडळाची नववी पास हवं, आणि विषय जुळायला हवेत. अशा वेळी अनेक घरांत मुलाला पुन्हा नववीत बसवतात आणि त्याला वाटतं आपलंच काही चुकलं. चौदा वर्षांच्या मुलावर ही वेळ आणू नये, म्हणून मी इतकं लावून धरते आहे.

तेव्हा “वाढेलच” यावर विसंबू नका. मुदतवाढ मिळाली तर ती एक वर्षाची की दोन, हे तुमच्या ह्यांनी कंपनीला लेखी विचारावं. फीचा भत्ता कराराबरोबर संपतो की शैक्षणिक वर्षाबरोबर, हेही त्याच पत्रात. आणि एकच वर्ष वाढलं, तर दहावी पूर्ण होईपर्यंत आईवडिलांपैकी एकाने मुलाजवळ राहायचं का, हे आज बोलून ठेवा. तेव्हा व्हिसाचाही प्रश्न येतो.

माझं मत विचाराल, तर तीन-चार वर्षांत परतणं नक्की असेल तेव्हा घराजवळची सीबीएसई शाळाच घ्या. नववीनंतरही मंडळ तेच राहतं, फक्त शाळा बदलते. पाच वर्षं लेखी मिळाली तर ब्रिटिश शाळा. तिथे दोन गोष्टी बघा. विज्ञान ‘कम्बाइन्ड’ आहे, ‘को-ऑर्डिनेटेड’ (तिन्ही मिळून दोन विषयांइतकं) आहे की भौतिक, रसायन, जीव असे वेगळे तीन विषय? कम्बाइन्डला एकाच विषयाचं श्रेय मिळतं आणि पुढे विज्ञान शाखेला पाया कच्चा राहतो. केंब्रिज या परीक्षा मंडळाच्या गणितात मुलांना ‘कोअर’ (मूलभूत) आणि ‘एक्स्टेंडेड’ (विस्तृत) असं विभागतात. कोअरमध्ये सगळं अचूक लिहिलं तरी सी-च्या वर श्रेणी मिळत नाही. विभागणी कधी आणि कशावरून करतात, ते विचारा.

आयबीची शाळा वाईट म्हणत नाही. पण एमवायपीच्या शेवटी बाहेरची परीक्षा सक्तीची नाही. शाळा मुलांना ई-असेसमेंटला, म्हणजे आयबीच्या संगणकावरच्या परीक्षेला, बसवते का, की दहावीला फक्त स्वतःचं प्रगतिपुस्तक देते, हे लेखी घ्या. शाळा आयबीने मान्यता दिलेली आहे की अजून ‘कॅन्डिडेट’, म्हणजे मान्यतेच्या वाटेवर, ते आयबीच्या संकेतस्थळावर दिसतं. बारावीपर्यंत राहिलात आणि मुलाला भारतात मेडिकलला जायचं असेल, तर आणखी एक अडचण: आयबीच्या अकरावी-बारावीच्या डिप्लोमाच्या सहा विषयांत साधारणपणे दोनच विज्ञान विषय बसतात आणि आपल्याकडे तिन्ही लागतात. तिसऱ्यासाठी शाळेला आयबीकडून आधी परवानगी काढावी लागते.

धाकटीची काळजी सोडा. पाचवीपर्यंत कुठूनही कुठेही जाता येतं. वाचन आणि पाढे घरी चालू ठेवा.

“मराठी सुटेल का?” घरी बोललात तर नाही. लिहिणं मात्र मुद्दाम करून घ्यावं लागतं, रोज पाच ओळी.

फीच्या पत्रकात शिकवणी फीखेरीज नोंदणी, अनामत, बस, परीक्षा फी आणि सहली धरून बेरीज करा. शाळा सोडण्याची सूचना बहुतेक ठिकाणी पूर्ण एक सत्र आधी द्यावी लागते, नाहीतर त्या सत्राची फी भरावी लागते किंवा अनामत जाते. बदलीचा हुकूम सत्र बघून येत नाही, म्हणून अशा वेळी सूट आहे का ते सही करण्याआधी विचारा. आणि तुमच्या मुलाचा सध्याच्या शाळेतला दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि जन्मदाखला निघण्यापूर्वीच साक्षांकित करून घ्या. तिथे पोचल्यावर हीच कामं आठवडेच्या आठवडे खातात.